आश्रुबाकाकांची हरवलेली भूक

वालूरच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा मला राहायला खोली मिळेना. एकटी बाई, त्यात पूर्णा जंक्शनवरून आलेली, रेल्वेवाल्याची मुलगी. ही काय आपल्या गावात नांदणार, असं प्रत्येक दारात मला ऐकवलं गेलं, आणि मीही प्रत्येक दारात उलट ऐकवून आले. शेवटी आश्रुबाकाकांनी आपल्या घराची पुढची खोली दिली. त्यांनी ना माझं गोत्र विचारलं, ना पगार. फक्त एवढंच विचारलं, "बाई, तुमाला धपाटे येतेत का?" येतात म्हटलं, तशी खोली माझी झाली.

आश्रुबाकाका म्हणजे मध्यम बांध्याचा, साधी कोरडवाहू शेती करणारा माणूस. पण त्यांची भूक गावात प्रसिद्ध होती. चवीचवीनं खाणारे पुष्कळ असतात. काका त्यातले नव्हते. त्यांना मुळात भूक लागण्याचंच कौतुक होतं. सकाळची न्याहारी तोंडात असतानाच ते दुपारचं विचारायचे. गरम जिलेबी सुटलीय असं कुणी म्हटलं तर सेलूच्या बाजारापर्यंत चालत जायचे आणि वाटेत भूक वाढली म्हणून खुशीत यायचे. ते ओट्यावर दिसले की शेजारच्या नर्मदाबाई आतूनच ओरडायच्या, "आश्रुबा आला गं, परात झाका!" काका हसत हसत आत शिरायचे आणि परात उघडायचे. बहात्तरच्या दुष्काळात गावातले सगळे खडी फोडायला जायचे, तेव्हाही म्हणे ते लोकांना सांगायचे, "ज्वारी न्हाई तर न्हाई, भूक तर शाबूत हाय ना? मंग फिकीर कशाची!"

त्यांच्या बायकोचं नाव केशरबाई. मी त्यांना मावशी म्हणायचे. अंगानं काटकुळ्या, जिभेला धार. दिवसभर चुलीपुढे. आधी काका जेवणार, मग आल्यागेल्याचं, मग माझं, मग चूल सारवून झाली की मावशी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून काहीतरी खायच्या. काय खायच्या ते मी कधी पाहिलं नाही. सगळ्याच घरांत तसंच होतं, त्यामुळे बघावं असं मला वाटलंही नाही.

मग पंचाहत्तर साल उजाडता उजाडता तो प्रकार झाला. ज्वारी दाण्यावर आली होती, पाखरांनी उच्छाद मांडला होता. काका शेतातल्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत होते. तेवढ्यात भाकरीचं फडकं घसरायला लागलं, ते धरायला वाकले आणि माळ्यावरून खाली आले. डोकं बांधाच्या दगडावर आपटलं. काकांचं म्हणणं, पाखरांनी पाडलं. गावाचं म्हणणं, भाकरीनं पाडलं. बैलगाडीत घालून घरी आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. थोड्या वेळानं डोळे उघडले, सगळ्यांना ओळखलं, पाखरांना शिव्याही घातल्या. मावशींनी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच तुपातला शिरा केला.

काकांनी शिऱ्याकडे पाहिलं. भिंतीकडे बघावं तसं पाहिलं आणि मान वळवली.

पहिले काही दिवस आम्ही म्हणालो, मार लागलाय, येईल भूक. पण ती येईना. ताट पुढे ठेवलं की काका ताटाजवळ बसून राहायचे. हात मांडीवर. घास तोंडात घातला की चावायचे, गिळायचे. "कसं झालंय?" विचारलं की म्हणायचे, "ब्येस झालंय." खोटं नव्हतं ते, चव लागत होती, आवडतही होतं. फक्त हात पुढे जात नव्हता. "अजून देऊ का?" म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, "तुझी मर्जी." ज्या माणसानं उभ्या जन्मात जेवणाच्या बाबतीत कुणाची मर्जी विचारली नव्हती, त्याच्या तोंडून ते ऐकलं की मावशी पदर तोंडाला लावून चुलीकडे पळायच्या.

नर्मदाबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या. "एवढं खाणाऱ्याला नजर लागणारच की," म्हणाल्या. मिरच्यांचा असा ठसका उठला की सगळं घर खोकलं, पण नजर काही हलली नाही. मग मीच हट्ट धरला आणि आम्ही तिघं सेलूवरून गाडीनं परभणीला गेलो.

तिथं दिनकरराव नावाचे डॉक्टर होते. त्यांनी डोक्याचा फोटो काढला, डोळ्यांत उजेड मारला, गुडघ्यावर हातोडी मारली. हाड शाबूत होतं. मग ते मावशींसमोर खुर्ची ओढून बसले. मला त्यांचं हे आवडलं; नाहीतर डॉक्टर लोक बाईच्या डोक्यावरून पलीकडे बघून बोलतात.

"मावशी, भूक पोटात लागते असं आपल्याला वाटतं," ते म्हणाले. "पण ती लागते मेंदूत. मेंदूच्या तळाशी चिंचोक्याएवढी एक जागा आहे. अंगातलं अन्न संपत आलं की तिला खबर जाते. मग तिथून हुकूम सुटतो: ऊठ, शोध, हात घाल, खा. तहानेचंही तिथलंच. यांच्या तिथं धक्का बसला असावा. पोट ठीक आहे, जीभ ठीक आहे, हुकूमच सुटत नाही."

"तुमी आत पाहिलं का?" मावशींनी विचारलं.

"आत बघायची सोय नाही. पण उंदरांवर बघितलंय लोकांनी. उंदराच्या मेंदूतली ती जागा बिघडवली, तर तो दाण्याच्या ढिगाऱ्यात बसून उपाशी मरतो."

मावशी पुढे सरकल्या. "मंग त्या उंदराचं काय झालं?"

"काहींना नळीनं पातळ भरवत ठेवलं. जगवलं. मग काही दिवसांनी ते ओलं, गोड चाटायला लागले. मग हळूहळू सगळंच खायला लागले."

"समदे?"

डॉक्टरांनी मान हलवली. "समदे नाही. पण पुष्कळसे. तुम्हीही तेच करा. वेळेवर भरवा, गोड आणि ओलं. आणि हातावर लक्ष ठेवा. हात आपणहून अन्नाकडे गेला तर समजा, सुटलो."

"अन् न्हाईच गेला तर?"

"तर जन्मभर भरवावं लागेल. आणि अशानं अंग किती दिवस धरेल, ते मला सांगता येत नाही."

परतीच्या गाडीत मावशी माझ्या शेजारी होत्या. मी धीर द्यायला काहीतरी शोधत होते. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "बाई, आमी कणगीतल्या उंदरांसाठी सापळे लावायलोत, अन् हे लोक त्यायला नळीनं भरवायलेत! येड लागलंय का त्यायला?" काका खिडकीशी बसून हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. मग मीही हसले, आणि समोरच्या बाकावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली.

शाळा घराजवळच होती. मावशींनी माझ्या शाळेच्या घंटेवर काकांचं खाणं बांधून घेतलं. प्रार्थनेची घंटा झाली की ज्वारीची आंबील, गूळ घालून. छोट्या सुट्टीला खीर. शाळा सुटली की दूधभाकरीचा काला. काका आज्ञाधारक पोरासारखं तोंड उघडायचे. मी वर्गात पाढे घेत असले तरी घंटा वाजली की माझं लक्ष उडायचं. घरी आल्यावर मी फक्त मावशींच्या तोंडाकडे बघायचे, त्या मान हलवायच्या: न्हाई, हात न्हाई हलला.

इथं मला आमच्या लोकांबद्दल एक बोलायचंय, आणि ते मी रागानंच बोलणार. आग्रह हा आमचा मोठा रोग आहे. जीव लावायचा म्हणजे ताटात वाढायचं, एवढंच आम्हाला कळतं. काकांची भूक गेली म्हटल्यावर गावानं त्यांच्यावर अन्नाचा हल्ला केला. कुणी पुरणपोळ्या आणल्या, कुणी शेंगोळे, कुणी येसराची आमटी. आणणारा समोर बसायचा आणि काकांच्या हाताकडे टक लावून बघायचा. "घे की आश्रुबा. माझ्या गळ्याची आण हाय." काका बिचारे घामाघूम व्हायचे. त्यांना वाटायचं, आपण लोकांचा अपमान करतोय.

त्यात व्यंकटरावांच्या मुलीचं लग्न आलं. व्यंकटराव गावातले मोठे बागायतदार, मनानं चांगले. "मोठ्या पंगतीत बसव आश्रुबाला," ते मावशींना म्हणाले, "पंगतीत भूक येती." मावशींनाही ते पटलं. म्हैससुद्धा जोडीला दुसरी असली की चारा ओढते, हे त्यांना ठाऊक होतं. पण म्हशीच्या तोंडाकडे कुणी सगळी दावण टक लावून बघत नाही. इथं काकांना पंगतीच्या मधोमध बसवलं. वाढपी येईल तो जिलेबी वाढून थांबायचा. या बाजूनं आण, त्या बाजूनं शपथ. पत्रावळीवर जिलेब्यांचा ढीग झाला आणि शंभर डोळे एका हाताकडे लागले. काकांनी हात उचलायचा प्रयत्न केला, मला दिसला तो. हात थोडा वर झाला आणि परत मांडीवर गेला. मग काका पंगत उठायच्या आधीच उठून चालू लागले. आमच्याकडे असं कुणी करत नाही. घरी ओट्यावर बसून म्हणाले, "बाई, लोकायचा लय खोळंबा करायलो म्या. भूक लागत न्हाई म्हंजी माणसातून उठल्यावाणी झालंय." मला त्या दिवशी सगळ्या गावाला वर्गात उभं करावंसं वाटलं.

काका वाळत चालले होते, हे सगळ्यांना दिसत होतं. मावशीही वाळत होत्या, हे कुणालाच दिसलं नाही. मलाही नाही.

नवी ज्वारी घरात आली तेव्हाची गोष्ट. रविवार होता, मला सुट्टी. दुपारची वेळ, मावशी भाकरी थापत होत्या. काका आतल्या दाराशी पोत्यावर बसलेले. मी खोलीतून पाणी प्यायला आत आले, तर मावशींचा हात पिठातच थांबला आणि त्या चुलीच्या बाजूला कलल्या. मी धावत जाऊन धरलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

मावशी परातीतलं पीठ गोळा करायला लागल्या.

"काल?"

"त्यायनी दोन घास घेतले," मावशी हळूच म्हणाल्या. "त्यायच्या आधी खायाचं कसं? अन् मागून मला गिळंना."

माझं डोकंच फिरलं. "उद्या तुम्ही पडलात तर यांना कोण भरवणार? मी? मला शाळा आहे! सरका तिकडं. ताट घ्या आणि बसा जेवायला. आत्ता."

"नवऱ्याच्या आधी? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी एवढं जेवण आणलं, भूक आणली का एकानं तरी? बसा!"

मी पोरांवर ओरडते तशी ओरडले असणार, कारण त्या बसल्या. लाजून काकांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी भाकरी थापायला घेतली. माझी भाकरी कधीच गोल होत नाही. पहिली तव्यावर पडली ती कशीही, दोन ठिकाणी फाटलेली. मावशींना ती बघून हसू फुटलं, पण ताटात पडली तशी त्यांनी तिचा तुकडा मोडला. वाफ निघाली. सोबत लाल मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल. मावशींनी कांदा जमिनीवर ठेवून बुक्कीनं फोडला.

पहिला घास त्यांनी चोरून खाल्ला. दुसराही. मग भुकेनं त्यांचा ताबाच घेतला. लाज गेली, पदर खांद्यावर आला, नाकावर घाम आला. त्या ठेच्यानं हा-हू करायच्या आणि पुढचा तुकडा मोडायच्या. कांद्याचा करकर आवाज सगळ्या घरात. मी भाकऱ्या टाकत होते आणि त्या संपवत होत्या. मला इतका आनंद झाला की आम्ही काय करायला निघालो होतो तेच मी विसरले. काकांकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. अपघातापासून त्या घरात पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, कुणी काही वाढत नव्हतं, कुणी आण घालत नव्हतं.

मी तव्यावरची भाकरी उलटत होते, तेव्हा मावशींच्या ताटात मला एक हात दिसला.

मोठा, राठ, शेतीनं रापलेला हात. तो मावशींच्या खांद्यावरून पुढे आला, त्यानं भाकरीचा काठ मोडला आणि ठेच्यात बुडवला. मावशींनी न बघताच त्या हातावर फटका मारला.

"अव, माझं हाय ते!"

मग त्या थांबल्या. मीही थांबले. मावशींनी मान वळवली. काका पोत्यावरून सरपटत त्यांच्या पाठीशी येऊन बसले होते आणि चावत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. ठेच्याचं की कशाचं, कुणास ठाऊक.

"तिखट झालंय," काका म्हणाले. आणि मग, "अजून हाय का?"

मावशी हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या आणि रडता रडता त्यांनी ताट काकांकडे सरकवलं. मला एकदम पंगत आठवली. मी ओरडले, "सरकवू नका! तुम्ही तुमचं खा!" त्यांनी लगेच ताट परत ओढलं आणि घास घेतला, आणि काकांचा हात पुन्हा ताटात आला. मी चुलीपुढे बसून मोठ्यानं रडत होते आणि तव्यावर भाकरी जळत होती. काकांनी तीही खाल्ली. "बाई," ते म्हणाले, "आता आलेली भूक तुमच्या भाकरीनं परत न जावो म्हंजी झालं."

भूक एका दिवसात आली असं मात्र नाही. वेगळं ताट दिलं की हात पुन्हा मांडीवर. मावशींच्या ताटातून मात्र चालायचा. मग बरेच दिवस आमच्या घरात तसंच चाललं: मावशी आधी बसायच्या, पोटभर खायच्या, आणि काका त्यांच्या ताटातून चोरायचे. परभणीला डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलून हसले. म्हणाले, "जखम भरतच आली असेल, त्याला हे निमित्त झालं असेल. किंवा दिलेल्या घासापेक्षा न दिलेल्या घासाचा हुकूम जोरात सुटत असेल. मला खात्रीनं सांगता येत नाही. पण चालू ठेवा."

गावात अर्थातच बोभाटा झाला. केशरबाई नवऱ्याच्या आधी जेवते! नर्मदाबाई नाकाला पदर लावून बघायला आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या. दोन-चार दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की त्यांच्या दत्तरावांचीही भूक जरा मंदावलीय, तेव्हा उपाय म्हणून त्याही आधी जेवणार. दत्तराव तर घोड्यासारखे ठणठणीत होते. पण त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बऱ्याच नवऱ्यांची भूक मंदावली.

जूनपर्यंत काकांच्या अंगावर मांस चढलं. ते पुन्हा दुसऱ्यांच्या पराती उघडायला लागले, पुन्हा न्याहारीला दुपारचं विचारायला लागले. मग एक दिवस मावशींनी ठरवलं, आता औषध पुरे. त्यांनी काकांचं वेगळं ताट वाढलं. वरण, भाकरी, वांग्याची भाजी. आणि पूर्वीसारख्या चुलीमागे सरकून बसल्या, काका उठायची वाट बघत.

काकांनी ताटाकडे पाहिलं. हात मांडीवर ठेवला.

मावशींचा चेहरा उतरला. "काय झालं? गेली का परत?"

"भूक लय लागलीय," काका म्हणाले.

"मंग खावा की!"

"आधी तू बस."

"आता कामून? तुमी बरे झालात की."

काकांनी ताट थोडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्या दिशी तू खायलीस तवा म्या पोत्यावरून पाहिलं तुला. इतक्या वर्सात पहिल्यांदा. उभ्या गावाला माझी भूक ठावं हाय. तुला बी भूक लागती, ते माझ्या डोस्क्यात कधी आलंच न्हाई बघ."

मावशी चुलीतली लाकडं सारखी करत राहिल्या. "गरम भाकर इतकी चांगली लागती," त्या हळूच म्हणाल्या, "मला बी ठावं नव्हतं."

मग त्यांनी आपलं ताट घेतलं आणि काकांच्या समोर येऊन बसल्या, भिंतीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून. वाफेची भाकरी मोडली, वरणात बुडवली, पहिला घास घेतला. तो घास त्यांच्या गळ्याखाली उतरेपर्यंत काका थांबले. त्यानंतर त्यांचा हात भाकरीच्या परातीकडे असा सुटला की माझ्या वाटणीची भाकरी मला ओढून घ्यावी लागली.